दौऱ्याचं टीए (प्रवास भत्ता) बिल : नागपुरातल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्रीय कार्यालयाच्या बिल सेक्शनला माझी नोकरी गेली. निवृत्त होऊनही फोन थांबलेले नाहीत. "भाऊ, टीए बिल परत आलं जी," इथून सुरुवात होते, आणि शेवटी कळतं की नियम आडवा आलेलाच नव्हता. बिलात गाडी पोहोचल्याची वेळ नव्हती, नाहीतर मंजुरीचं पत्र दौऱ्यावर निघाल्यानंतरच्या तारखेचं होतं, नाहीतर लॉजची पावती पँटच्या खिशात धुतली गेली होती. टीए बिल दौऱ्यावर असतानाच लिहायचं असतं. परत आल्यावर फक्त उतरवून काढायचं.

खालचे दर आणि नियम मुख्यतः केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ रोजी काढलेल्या आदेशातले आहेत. सातव्या वेतन आयोगानंतरचा हा आदेश १ जुलै २०१७ पासून लागू झाला. पुढे जिथे बदल झाला, तिथे तसं लिहिलं आहे.

हे नियम मला लागू आहेत का?

तुम्ही केंद्र सरकारचे नागरी कर्मचारी असाल तर हो. म्हणजे भारतीय खाण ब्यूरो, सेमिनरी हिल्सवरचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आयकर, महालेखाकार वगैरे. नीरी, कापूस संशोधन संस्था अशा स्वायत्त संस्थांमध्येही साधारण हेच दर चालतात, पण तिथे संस्थेने काढलेला आदेश पाहावा.

रेल्वेवाल्यांचे नियम वेगळे. आपल्याकडे मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन्हींची विभागीय कार्यालयं आहेत, त्यामुळे शेजारच्या रेल्वेवाल्याला किती मिळालं हे ऐकून आपलं बिल भरू नका. वेकोलि आणि मॉइल या कंपन्या आहेत, त्यांचं सगळंच निराळं.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचं काय? हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून सगळं मंत्रालय येतं, त्यांना हेच मिळतं का?

नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांना मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ आणि त्यावर वेळोवेळी निघालेले शासन निर्णय लागू होतात. जिल्हा परिषद, तहसील, पोलीस यांनीही इथले आकडे आपले समजू नयेत. वेळा लिहिणं, पावत्या जपणं, मंजुरी आधी घेणं या गोष्टी मात्र तिकडेही तितक्याच कामाच्या.

दौरा कशाला म्हणायचं? मला चार महिने दिल्लीला पाठवलं आहे, ही बदली झाली की दौरा?

मुख्यालय नागपूरच राहिलं आणि काम तात्पुरतं असलं की तो दौरा. एकाच ठिकाणचं तात्पुरतं काम किंवा प्रशिक्षण १८० दिवसांपर्यंत असेल तर ते दौऱ्यासारखं धरतात आणि दैनिक भत्ता (राहणं, जेवण आणि तिथल्या शहरातला प्रवास) मिळतो. १८० दिवसांच्या पुढे तो बंद. तुमचे चार महिने यात आरामात बसतात.

फक्त आदेशाचे शब्द नीट वाचा. 'तात्पुरत्या कामासाठी', किती दिवस आणि मुख्यालय नागपूर, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. आदेशात नुसतं 'बदली' असं लिहिलेलं असेल, तर दिल्लीला जाण्याआधी दुरुस्त करून घ्या. गेल्यावर ते पत्र इकडून तिकडे फिरत राहतं आणि तुमचं बिल त्याच्या मागे.

शहरातल्या शहरात कामाला गेलो तर भत्ता मिळतो?

कामाच्या ठिकाणापासून ८ किलोमीटरच्या त्रिज्येबाहेर गेल्याशिवाय दैनिक भत्ता नाही. सिव्हिल लाइन्सहून सेमिनरी हिल्सला गेलात तर विसरून जा. खापरी-मिहानकडे गेलात तर अंतर ८ किलोमीटरच्या वर जातं, पण तो स्थानिक प्रवास झाला. त्याचा हिशेब वेगळा असतो, तो दौऱ्याच्या बिलात मिसळू नका. बुटीबोरी शहराच्या बाहेर आहे, तिथे दौरा लागतो.

माझा वर्ग कोणता?

देशांतर्गत दौऱ्यासाठी पगाराच्या लेव्हलप्रमाणे (सातव्या वेतन आयोगातला वेतनस्तर) असं आहे:

लेव्हल १४ आणि वर : विमानाचा बिझनेस क्लास किंवा रेल्वेचा फर्स्ट एसी.
लेव्हल १२ व १३ : विमानाचा इकॉनॉमी क्लास किंवा फर्स्ट एसी.
लेव्हल ९ ते ११ : विमानाचा इकॉनॉमी क्लास किंवा सेकंड एसी.
लेव्हल ६ ते ८ : विमानाचा इकॉनॉमी क्लास किंवा सेकंड एसी.
लेव्हल ५ आणि खाली : फर्स्ट क्लास, थर्ड एसी किंवा एसी चेअर कार.

आपल्या वर्गात जागा नसेल तर खालच्या वर्गाने जाता येतं. पैसे त्याच तिकिटाचे मिळतात. स्लीपरने जाऊन सेकंड एसीचा फरक खिशात घालायची सोय नाही. हे मला दरवर्षी निदान एकजण तरी विचारायचा, आणि उत्तर ऐकल्यावर माझ्याकडेच संशयाने बघायचा.

दुरांतोचं भाडं ऐनवेळी वाढतं. वाढलेलं भाडं मिळतं का? तत्काळचं?

मिळतं. २०१७ च्या आदेशात राजधानी, शताब्दी, दुरांतोचं बदलतं भाडं दौऱ्यासाठी मान्य आहे. तत्काळ आणि प्रीमियम तत्काळचे पैसेही मान्य आहेत. या गाड्यांमध्ये लेव्हल ६ ते ११ ला सेकंड एसी आणि शताब्दीत चेअर कार, तर ५ आणि खालच्यांना थर्ड एसी किंवा चेअर कार. मुंबईच्या दौऱ्याला दुरांतोने जाणं म्हणजे चैन, असा काही जुन्या मंडळींचा समज अजूनही आहे. नियमात तसं कुठेच नाही.

विमानाचं तिकीट मी स्वतः स्वस्तात काढलं. चालेल का?

इथे भलेभले अडकतात. जून २०२२ च्या व्यय विभागाच्या सूचनांप्रमाणे सरकारी खर्चाचं विमानाचं तिकीट तीनच ठिकाणांहून घ्यायचं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. मोबाइलवरच्या दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपवर पाचशे रुपये वाचले, तरी बिलात ते सगळं तिकीट अडकून पडू शकतं.

त्याच सूचनांमध्ये आणखी काही गोष्टी आहेत. तिकीट शक्यतो २१ दिवस आधी काढावं. आपल्या वर्गातलं स्वस्तात स्वस्त घ्यावं. प्रवासाच्या ७२ तासांच्या आत काढलं तर कारण लिहून द्यावं लागतं, २४ तासांच्या आत रद्द केलं तरीही. आता दौऱ्याचा आदेशच तीन दिवस आधी हातात पडतो, मग २१ दिवस कुठून आणायचे? तर कारणाच्या रकान्यात सरळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाका: 'आदेश अमुक तारखेला मिळाला'. एवढं पुरतं. बोर्डिंग पास जपून ठेवा.

कामाच्या तिकिटांवर मिळालेले माइल्स वा पॉइंट्स स्वतःच्या सुट्टीला वापरू नका. ते विभागाचे असतात, आणि खाजगी वापरावर विभागीय कारवाई होऊ शकते असं आदेशातच लिहिलं आहे.

समृद्धी महामार्गाने स्वतःच्या कारने मुंबईला गेलो तर?

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आहे. गाडीने जायला मजा येते, नाकारत नाही. पण नागपूर-मुंबई रेल्वेने जोडलेलं आहे. रेल्वे असलेल्या दोन ठिकाणांमध्ये रस्त्याने गेलात तर तुमच्या वर्गाच्या रेल्वे भाड्यापर्यंतच पैसे मिळतात. डिझेल आणि टोल मिळून त्याच्या दुप्पट झाले तरी वरचे पैसे तुमचे. चौघांनी मिळून एका कारने जायचं असेल, तर आधी कार्यालयाशी बोलून लेखी मंजुरी घ्या. एकाच गाडीचे चार जणांनी चार वेळा पैसे मागितलेलं बिल मी पाहिलं आहे. चौघांच्याही बिलात गाडीचा नंबर तोच होता, त्यामुळे पकडायला कष्ट पडले नाहीत.

गडचिरोलीला रेल्वेच नाही. मग?

गडचिरोली शहरात अजून रेल्वे पोहोचलेली नाही, जिल्ह्यातलं जवळचं स्टेशन वडसा. अशा ठिकाणी सेकंड एसी किंवा त्यावरच्या वर्गाचे कर्मचारी एसी बसने जाऊ शकतात, बाकीचे डिलक्स किंवा साध्या बसने. भामरागड-सिरोंच्याकडे पुढे जायचं तर एसी बसचा प्रश्नच येत नाही, जी एसटी मिळेल तिचं तिकीट जपा. एसटीच्या मशीनमधलं तिकीट दोन महिन्यांत पांढरंफट्ट होतं. उतरल्याबरोबर फोटो काढून ठेवला तर पुढचा त्रास वाचतो.

टॅक्सी-ऑटोचे सरकारी दर जिथे ठरलेले आहेत तिथे त्या दराने, आणि जिथे दरच नाहीत तिथे स्वतःची कार किंवा टॅक्सी २४ रुपये, ऑटो किंवा स्कूटर १२ रुपये किलोमीटर, असे मूळ आदेशातले आकडे आहेत.

ते २५ टक्के वाढल्याचं काय आहे?

मूळ आदेशातच एक वाक्य आहे: महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हॉटेल, शहरातला प्रवास, जेवण, किलोमीटरचे दर २५ टक्क्यांनी वाढतील. १ जानेवारी २०२४ ला महागाई भत्ता ५० टक्के झाला. म्हणजे २४ चे ३० रुपये, १२ चे १५. तुमच्या बिलात जुनाच दर लावला असेल, तर भांडण न करता त्या वाक्याकडे बोट दाखवा. शहरातल्या टॅक्सीच्या रुपयांतल्या मर्यादेची वाढ लेव्हल ११ आणि खालच्यांनाच आहे, कारण त्यावरच्यांना किलोमीटरची मर्यादा किंवा प्रत्यक्ष खर्च मिळतो.

जेवणाचे पैसे कसे मोजतात? बिलं लावायची का?

बिलं लावायची नाहीत. ठोक रक्कम मिळते. तुम्ही थाळी खाल्ली की सावजी मटण, सरकारला देणंघेणं नाही. दिवसाचे मूळ दर आणि २५ टक्के वाढीनंतरचे असे:

लेव्हल १४ आणि वर : १,२०० (आता १,५००)
लेव्हल १२-१३ : १,००० (१,२५०)
लेव्हल ९ ते ११ : ९०० (१,१२५)
लेव्हल ६ ते ८ : ८०० (१,०००)
लेव्हल ५ आणि खाली : ५०० (६२५)

गोंधळ होतो तो तासांमध्ये. मुख्यालयाबाहेर सहा तासांपेक्षा कमी असाल तर ३० टक्के, सहा ते बारा तास असाल तर ७० टक्के, बारा तासांच्या वर पूर्ण. आणि दिवस मोजायचा मध्यरात्री ते मध्यरात्री. चोवीस तासांचा दौरा म्हणजे एक दिवस, हा हिशेब इथे चालत नाही.

उदाहरण घेऊ. लेव्हल ७ च्या एक ताई सोमवारी रात्री साडेआठच्या सुमारास नागपूरहून मुंबईला निघाल्या. मंगळवार, बुधवार मुंबईत काम. बुधवारी रात्रीची गाडी धरून गुरुवारी सकाळी साडेनऊला नागपूरला उतरल्या.

सोमवार : मध्यरात्रीपर्यंत साडेतीन तास, ३० टक्के, ३०० रुपये.
मंगळवार : पूर्ण, १,०००.
बुधवार : रात्री गाडीत असल्या तरी मुख्यालयाबाहेरच, पूर्ण, १,०००.
गुरुवार : साडेनऊ तास, ७० टक्के, ७००.

एकूण ३,००० रुपये. आता याच ताईंनी गुरुवारसमोर नुसतं 'सकाळी' असं लिहिलं, तर सेक्शनचा माणूस वेळापत्रक उघडतो. समजा गाडीची वेळ पहाटे साडेपाचची, पण त्या दिवशी ती चार तास उशिरा आली. वेळापत्रकाप्रमाणे साडेपाच तास, म्हणजे ३० टक्के. ताईंचे ४०० रुपये तिथेच गेले, तेही एका शब्दामुळे. पोहोचण्याची वेळ प्रत्यक्षातली धरायची असते. स्टेशनवर उतरल्यावर फोनमध्ये वेळ टिपून ठेवा, गाडीच्या स्थितीचा स्क्रीनशॉट काढला तर आणखी उत्तम.

हॉटेलचे किती मिळतात?

रोजची मूळ मर्यादा लेव्हल १४ आणि वर ७,५००, लेव्हल १२-१३ ला ४,५००, लेव्हल ९ ते ११ ला २,२५०, लेव्हल ६ ते ८ ला ७५० आणि लेव्हल ५ व खाली ४५०. त्यावर २५ टक्के धरा. ही मर्यादा आहे. खोली दीड हजारात मिळाली तर दीड हजारच मिळणार.

लेव्हल ८ आणि खालच्यांना पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर ही रक्कम मिळू शकते. प्रमाणपत्रात राहिल्याची तारीख आणि ठिकाणाचं नाव स्पष्ट हवं. एक्स वर्गाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांत याच लोकांना दिवसाला १,००० रुपये, वाढीनंतर १,२५०, मिळतात. पण तिथे पावती लागतेच. एक्स वर्गात मुंबई आणि पुणे येतात, नागपूर नाही. म्हणून दिल्लीहून इथे दौऱ्यावर येणाऱ्या लेव्हल ७ च्या माणसाला मुंबईचा दर मिळत नाही. नागपूर वाय वर्गात आहे.

साडेबाराशे रुपयांत मुंबईत कुठली खोली मिळते, हे दर ठरवणाऱ्यांनी एकदा दादर स्टेशनच्या बाहेर उभं राहून पाहावं. उपाय म्हणून केंद्राची विश्रामगृहं आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांची वसतिगृहं ई-संपदा या संकेतस्थळावर बुक करता येतात. तारखा लवकर भरतात, दौऱ्याचा आदेश आला की त्याच दिवशी पाहा.

मुंबईत भावाकडे राहिलो. हॉटेलचे पैसे लावू?

नाही. राहण्याचा खर्च झालाच नाही तर तो मागायचा कशाला? जेवणाची ठोक रक्कम आणि प्रवास घ्या, तेवढे पुरेत. स्वप्रमाणित याचा अर्थ कोणी तपासणार नाही असा लावू नका. एका बाबूंनी पावतीशिवाय लॉजचं नाव लिहून दिलं होतं. ते लॉज वर्षभरापूर्वीच बंद पडलेलं, आणि दुर्दैवाने साहेबांचं सासर त्याच गल्लीत. साडेसातशे रुपयांपायी शिस्तभंगाची चौकशी लागली. खोटं बिल हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, आणि त्याची नोंद निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

शहरात फिरायला टॅक्सी-ऑटोचे पैसे?

लेव्हल १४ आणि वर एसी टॅक्सीचा प्रत्यक्ष खर्च. १२-१३ ला एसी टॅक्सी रोज ५० किलोमीटरपर्यंत. ९ ते ११ ला साधी टॅक्सी रोज ३३८ रुपयांपर्यंत, ६ ते ८ ला २२५, ५ आणि खाली ११३, आणि या तिघांना वर २५ टक्के. लेव्हल ८ पर्यंत इथेही स्वप्रमाणपत्र चालतं, पण त्यात वाहनाचा नंबर आणि कधी-कुठून-कुठे हे हवं. ऑटोतून उतरण्याआधी नंबर टिपून घ्यायची सवय लावा. संध्याकाळी आठवून लिहिलेले नंबर बरेचदा जगातल्या कुठल्याच ऑटोचे नसतात.

फिल्डवर पायी फिरतो, त्याचं काही?

भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांचा हा हक्काचा प्रश्न. पायी चाललेल्या अंतराला किलोमीटरमागे १२ रुपये, वाढीनंतर १५, वेगळे मिळतात. दुर्गम भागात माहिती गोळा करायला पायी वा खेचरावरून जावं लागतं, त्या दिवसांचा दैनिक भत्ता जेवणाच्या दराइतका असतो. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते पाहत नाहीत, पण विभागप्रमुख किंवा नियंत्रक अधिकाऱ्याची मंजुरी हवी. फिल्ड डायरीतलं अंतर आणि बिलातलं अंतर जुळलं पाहिजे. डायरी नऊ किलोमीटर म्हणते आणि बिल चौदा, असं झालं की पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

अ‍ॅडव्हान्स घ्यावा का?

लांबचा दौरा असेल तर जरूर घ्या, तो तुमच्यासाठीच आहे. पण परत आल्यावर १५ दिवसांत हिशेबाचं बिल द्यायचं. ते राहिलं तर पगारातून एकरकमी वसुली लागते आणि पुढचा अ‍ॅडव्हान्सही अडतो. दौरा रद्द झाला तर रक्कम लगेच परत भरा, पुढच्या महिन्याच्या दौऱ्याला वापरू म्हणून ठेवून घेऊ नका.

बिल किती दिवसांत द्यायचं?

अ‍ॅडव्हान्स न घेता केलेल्या दौऱ्याला प्रवास संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस. पूर्वी वर्षभराची मुदत होती, मार्च २०१८ मध्ये ती ६० दिवसांवर आली. अनेक जुने कर्मचारी अजून 'वर्ष आहे ना' म्हणत निवांत बसतात. मुदत गेली की हक्कच जातो. निवृत्तीनंतर गावी जाण्याच्या टीएला मात्र २०२१ पासून १८० दिवस आहेत, पण तो विषय वेगळा.

बिल दिल्याची पोच घ्या. ऑनलाइन दिलं असेल तर क्रमांक टिपा. टेबलावर ठेवलेलं बिल ही पोच होत नाही.

दौरा ऐनवेळी रद्द झाला, तिकीट रद्द केल्याचे पैसे गेले.

सरकारी कारणाने रद्द झाला असेल तर कापलेली रक्कम मिळते. दौरा रद्द केल्याचा आदेश किंवा साहेबांचा मेल जोडा. घरगुती कारणाने रद्द केलात तर नाही.

पुण्याचं काम शुक्रवारी संपलं, रविवारी भाच्याचं लग्न आहे. थांबू का?

थांबा की, लग्न थोडंच पुन्हा होणार आहे! फक्त परवानगी आधी घ्या. शनिवार-रविवारी तुम्ही तुमच्या कामासाठी थांबलात, त्या दिवसांचा दैनिक भत्ता नाही. दौऱ्याच्या मध्ये रजा घेतली, अगदी किरकोळ रजा असली, तरी त्या दिवसाचा नाही. मात्र सोमवारी पुन्हा काम असेल आणि सुट्टीत तुम्हाला तिथेच राहावं लागलं, तर त्या सुट्टीचा मिळतो. बिलात हा फरक एका वाक्यात लिहून ठेवा. अजनी-पुणे गाडी सोडून मुंबईमार्गे फिरत परत आलात, तर थेट मार्गाचंच भाडं मिळेल.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सरकारी साक्षीला बोलावलं आहे. मी अमरावतीला असतो.

नोकरीत असताना माहीत झालेल्या गोष्टीवर, सरकार पक्षकार असलेल्या प्रकरणात साक्ष असेल तर दौऱ्यासारखा भत्ता मिळतो. हजर राहिल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय आवार सोडू नका. न्यायालयाने प्रवासखर्च दिला असेल तर तो सरकारात भरावा लागतो, दोन्हीकडून घेता येत नाही.

बिलात नेमकं काय काय लिहू, म्हणजे ऑब्जेक्शन येणार नाही?

दौऱ्याचा फॉर्म म्हणजे जीएआर १४-अ. बदलीचा आणि एलटीसीचा (रजा प्रवास सवलतीचा) वेगळा असतो, कपाटातला हाताला लागेल तो ओढू नका.

माझ्या टेबलावरून परत गेलेल्या बिलांमध्ये पुन्हा पुन्हा हेच दिसायचं. दौऱ्याचा आदेश जोडलेला नाही. निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख आहे, वेळ नाही. गाडीचा नंबर आहे, वर्ग नाही. परतीचं तिकीट आहे, जातानाचं नाही. कामाच्या रकान्यात 'सरकारी काम' एवढेच दोन शब्द. अहो, कोणतं काम? 'अमुक खाणीची तपासणी, पत्र क्रमांक अमुक' असं लिहा. नियंत्रक अधिकाऱ्याच्या सहीची तारीखही पाहा. बिल तपासून पुढे पाठवणं त्यांची जबाबदारी आहे, आणि चुकीचं गेलं तर विचारणा त्यांनाही होते. म्हणून ते खोडून विचारतात, त्रास द्यायचा म्हणून नव्हे. निदान बरेच जण तरी.

आणि हॉटेलच्या पावतीवर नाव तुमचं हवं. दोघे एका खोलीत राहिलात तर पावती एकाच्या नावावर येते, मग अर्धे-अर्धे मागून दोन्ही बिलांत एकमेकांचा उल्लेख करा.

यावर आयकर लागतो का?

कामासाठी केलेल्या दौऱ्याचा प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता, खर्च झाला तेवढा करमुक्त आहे. नव्या करपद्धतीतही.

बिल पास झालं, पण पैसे कमी आले. कोणाला विचारू?

आधी बिल सेक्शनमध्ये जा आणि कोणती बाब किती कापली ते लेखी मागा. 'थोडं कमी केलं' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. बहुतेक वेळा वेळेचा घोळ, जुना दर नाहीतर हॉटेलची मर्यादा, यांपैकी एक निघतं, आणि दुरुस्त करून उरलेली रक्कम मागता येते. दुपारी एक ते दोनच्या मध्ये मात्र जाऊ नका. त्या वेळात सेक्शनमध्ये फक्त पंखा चालू असतो.